सर्व्हरचे बटण आणि गिऱ्हाइकाची अमानत

'सर्व्हर डाऊन' हे शब्द आता कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. रेशन दुकानात अंगठा लावायला उभी असलेली म्हातारी, सातबाऱ्यासाठी सेवा केंद्रात आलेला शेतकरी आणि दाखल्यासाठी तीन चकरा मारलेला विद्यार्थी, या सर्वांना ते पाठ झाले आहेत. सरकारी सर्व्हर बंद पडला की माणूस निमूटपणे घरी जातो व दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो, कारण त्याला दुसरी जागा नसते. व्यापाऱ्याचे तसे नाही. व्यापाऱ्याचा सर्व्हर बंद पडला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही. ते दुसऱ्या दुकानात जाते. आणि त्याने पैसे आधीच भरलेले असतील, तर ते जाताना आपले नावही घेऊन जाते.

सरकारी अनुभव ताजे आहेत. १६ जुलै २०२१ रोजी दहावीचा निकाल दुपारी १ वाजता जाहीर झाला आणि निकालाचे संकेतस्थळ कोसळले. राज्यभरातील मुले तासन् तास पडद्याकडे पाहत बसली. २१ मे २०२५ रोजी अकरावीच्या राज्यव्यापी ऑनलाइन प्रवेशाची नोंदणी सुरू व्हायची होती. पहिल्याच दिवशी संकेतस्थळ चालेना आणि नोंदणी २६ मेपर्यंत पुढे ढकलावी लागली. ज्यांच्यामागे शासनाची तिजोरी आणि तज्ज्ञांचा ताफा आहे, त्यांची ही गत होते. मग एकट्या दुकानदाराने किती सावध असावे, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

हा प्रश्न केवळ मुंबई-पुण्याचा आहे असे कुणी समजू नये. वर्धा जिल्ह्यातील हिंगणीचेच उदाहरण घेऊ. सेलू तालुक्यातील हे गाव बोर धरणाच्या वाटेवर आहे. बोर अभयारण्याला २०१४ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला, आणि जंगल पाहायला येणारा माणूस घरून निघण्यापूर्वीच मोबाइलवर सर्व ठरवू लागला. समजा, अशा गावातील कुणी दोन खोल्या पाहुण्यांना देतो, कुणी सागवानी फर्निचर नागपूरच्या गिऱ्हाइकाला विकतो, कुणी शिवलेले कपडे पार्सलने पाठवतो. प्रत्येकाची वेबसाइट आहे, तिच्यावर आगाऊ रक्कम घेतली जाते. दुकान हिंगणीत असले तरी सर्व्हर हिंगणीत नसतो. तो मुंबईत, नाशिकमध्ये किंवा परदेशात कुठल्याशा इमारतीत हजारो यंत्रांच्या रांगेत चालू असतो. मालकाच्या हाती असतो तो फक्त एक पडदा. त्यालाच कंट्रोल पॅनेल म्हणतात.

हे पॅनेल म्हणजे सर्व्हरचा गल्ला आणि स्विचबोर्ड एकत्र. पूर्वी सर्व्हर सांभाळायचा तर काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप कराव्या लागत. १९९६ साली सी-पॅनेल आणि १९९७ साली वेबमिन आले, त्यानंतर अशी अनेक साधने निघाली, आणि तेच काम चित्रे व बटणांनी होऊ लागले. नवे खाते उघडणे, ईमेल तयार करणे, बॅकअप घेणे, सेवा बंद किंवा सुरू करणे, हे सर्व एका पडद्यावर आले. ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु सोयीबरोबर एक सवयही आली. वेबसाइट मंदावली, दाबा रीस्टार्ट. ईमेल जात नाही, दाबा रीस्टार्ट. आमचे म्हणणे या सवयीविरुद्ध आहे.

बटण म्हणजे औषध नव्हे

आपल्या कारागीर बांधवांना हे समजायला अवघड नाही. पिठाची चक्की चालवणारा माणूस दाणे भरलेले असताना मोटार एकदम बंद करत नाही. तो आधी वरून दाणे पडणे थांबवतो, आतले दळून होऊ देतो, मग मोटार बंद करतो. सुरू करतानाही चक्की रिकामी फिरू देतो आणि वेग आल्यावरच दाणे सोडतो. भरल्या चक्कीला झटका दिला तर पट्टा निसटतो किंवा मोटार जळते. लेथवर काम करणारा, यंत्रमाग चालवणारा, वेल्डिंगवाला, प्रत्येकाला आपापल्या यंत्राचा हा नियम ठाऊक आहे. सर्व्हरही यंत्रच आहे. फरक एवढाच की त्याच्या आत दाण्यांऐवजी लोकांचे व्यवहार चालू असतात.

पॅनेलवर 'पुन्हा सुरू करा' असे लिहिलेले असले तरी त्याचे चार वेगवेगळे अर्थ होऊ शकतात, आणि ते ओळखणे हेच खरे शहाणपण आहे.

पहिला प्रकार सर्वांत सौम्य. त्यात वेब सर्व्हर बंद होत नाही. तो फक्त आपली नवी मांडणी वाचून घेतो. अपाची आणि एनजिनएक्स हे दोन्ही प्रसिद्ध वेब सर्व्हर ही सोय देतात. ज्या गिऱ्हाइकाचे काम चालू आहे ते पूर्ण होऊ दिले जाते, आणि नव्याने येणाऱ्याला नव्या मांडणीनुसार उत्तर मिळते. सुरक्षेचे प्रमाणपत्र बदलले असेल किंवा नवे नाव जोडले असेल, तर एवढे पुरेसे असते.

दुसरा प्रकार म्हणजे एकच सेवा बंद करून पुन्हा सुरू करणे. उदाहरणार्थ केवळ वेब सर्व्हर, केवळ ईमेल किंवा केवळ डेटाबेस. तिसरा प्रकार म्हणजे संपूर्ण यंत्र शिस्तीने बंद करून पुन्हा चालू करणे. यात प्रत्येक सेवेला आपले काम आवरायला सवड मिळते. चौथा प्रकार म्हणजे यंत्राची वीज तोडल्यासारखे करणे. सी-पॅनेलच्या मालकी पडद्यावर सौम्य रीबूट आणि सक्तीचा रीबूट अशी दोन वेगळी बटणे शेजारी शेजारी असतात. घाईत असलेल्या माणसाला दोन्ही सारखीच दिसतात. तशी ती नाहीत.

सक्तीने बंद केलेल्या सर्व्हरवर काय होते? डेटाबेस म्हणजे आपली खतावणी. तिच्यात काही नोंदी कागदावर उतरलेल्या असतात आणि काही अजून हातातच असतात. अशा क्षणी वीज तोडली तर चांगला डेटाबेस उठल्यावर आपल्या टिपणवहीवरून नोंदी जुळवून घेतो. परंतु त्याला वेळ लागतो, आणि प्रत्येक वेळी सर्व काही जुळेलच असे नाही. त्यातच एखाद्या गिऱ्हाइकाने त्या मिनिटाला पैसे भरलेले असतील तर? त्याच्या खात्यातून रक्कम गेली, पण आपल्याकडे ऑर्डरची नोंद झाली नाही. त्याच्या दृष्टीने आपण पैसे घेऊन माल नाकारणारे ठरतो. यंत्राने घोळ केला हे त्याला कसे कळावे? गिऱ्हाइकाने दिलेली आगाऊ रक्कम ही आपल्याजवळची अमानत आहे. तराजू नीट ठेवणे जसे व्यापाऱ्याचे कर्तव्य, तसे ही नोंद सांभाळणेही त्याचेच कर्तव्य आहे.

दाबण्यापूर्वी पाच गोष्टी

पहिली गोष्ट, कारण शोधावे. बहुतेक पॅनेलच्या पहिल्याच पडद्यावर डिस्क किती भरली, मेमरी किती वापरात आहे आणि कोणती सेवा बंद आहे हे दिसते. अनेकदा दोष असा असतो की डिस्क शंभर टक्के भरलेली असते. जुने बॅकअप आणि लॉग साचलेले असतात. लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी. डिस्क भरलेली असताना सेवा बंद केली तर ती पुन्हा उठतच नाही, म्हणजे लंगडत चालणारे दुकान आपणच पूर्ण बंद करतो. अशा वेळी आधी जागा मोकळी करावी. रोजनिशीची शेवटची पाने वाचावीत आणि त्यांची प्रत काढून ठेवावी, कारण पुन्हा सुरू केल्यावर मेमरीतले पुरावे नाहीसे होतात.

दुसरी गोष्ट, मांडणी तपासावी. वेब सर्व्हरच्या मांडणीच्या फाइलमध्ये एखादे चिन्ह जरी चुकले तरी तो सुरू होत नाही. चालू असलेला सर्व्हर जुन्या मांडणीवर चालत राहतो, म्हणून चूक दिसत नाही. बंद केल्यावर ती उघडी पडते. अपाची आणि एनजिनएक्स या दोहोंत मांडणी आधी तपासून पाहण्याची आज्ञा आहे. तिला काही सेकंद लागतात. या काही सेकंदांचा आळस केल्याने रात्रभर दुकान बंद राहू शकते.

तिसरी गोष्ट, बॅकअप घ्यावा, आणि तो दुसऱ्या जागी ठेवावा. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या केंद्राला आग लागून एक संपूर्ण इमारत जळाली. ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता, त्यांच्यापैकी अनेकांचे सर्वस्व गेले. बॅकअप आहे एवढ्यावर समाधान मानू नये. तो उघडतो का, हेही पाहावे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीच्या अभियंत्याकडून चालू डेटाबेस पुसला गेला. तेव्हा लक्षात आले की बॅकअपच्या ज्या पाच पद्धतींवर कंपनीची भिस्त होती, त्यांपैकी एकही धड चालत नव्हती. योगायोगाने सहा तासांपूर्वी काढलेली एक प्रत सापडली म्हणून बरेचसे वाचले. योगायोगावर धंदा चालत नाही.

चौथी गोष्ट, वेळ निवडावी. यात एक खुबी आहे. पुष्कळ सर्व्हरचे घड्याळ भारतीय वेळ दाखवत नाही. ते जागतिक वेळेवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे चालते. पॅनेलमध्ये रात्री २ वाजता रीस्टार्ट लावला आणि घड्याळ जागतिक वेळेचे असले, तर तो प्रत्यक्षात सकाळी साडेसात वाजता होईल. जुम्याच्या दुपारी आपले दुकान बंद असते, म्हणून ती वेळ चांगली, असेही मानू नये. वेबसाइटचे गिऱ्हाईक सर्व वस्त्यांतील आणि सर्व गावांतील असते. पॅनेलमधील आकडे पाहून सर्वांत कमी वर्दळीची वेळ ठरवावी, आणि ईद किंवा दिवाळीच्या तोंडावर, ऑर्डरींचा लोंढा चालू असताना, निकड नसेल तर कशालाही हात लावू नये.

पाचवी गोष्ट, परतीची वाट मोकळी आहे ना, हे पाहावे. सर्व्हर उठलाच नाही तर त्याच्यावर चालणारे पॅनेलही उघडणार नाही. अशा वेळी जागा देणाऱ्या कंपनीचे वेगळे पॅनेल आणि त्यातील कन्सोल हीच वाट उरते. त्याचा पासवर्ड आधी जवळ हवा, आणि तो त्याच सर्व्हरवरच्या ईमेलमध्ये ठेवलेला नसावा. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद होते. देखभालीतील एका चुकीच्या आज्ञेने कंपनीचे आतले जाळेच तुटले, आणि दुरुस्तीची साधनेही त्याच जाळ्यावर असल्याने अभियंत्यांना प्रत्यक्ष केंद्रात जावे लागले. त्यांना जाता तरी आले. हिंगणीचा दुकानदार मुंबईच्या केंद्रात कोणत्या दारातून शिरणार?

सर्व्हर उठल्यावरही काम संपत नाही. वेबसाइटचे पहिले पान दिसले म्हणजे सर्व ठीक, असे नसते. एक छोटी ऑर्डर स्वतः करून पाहावी, ईमेल पाठवून आणि घेऊन पाहावा, आणि बंद काळातील भरणा बँकेच्या किंवा पेमेंट कंपनीच्या यादीशी ताडून पाहावा. ज्याचे पैसे आले पण ऑर्डर आली नाही, त्याला त्याने विचारण्याआधी आपण फोन करावा. मग एका साध्या वहीत तारीख, वेळ, कारण, काय केले आणि काय झाले, हे लिहून ठेवावे. सहा महिन्यांनी हीच वही सांगेल की दोष दर पंधरा दिवसांनी तोच आहे, आणि रीस्टार्टने तो कधी गेलाच नव्हता. काही जण तर रोज रात्री आपोआप रीस्टार्ट लावून ठेवतात. आमच्या मते हा रोग झाकण्याचा प्रकार आहे.

याचा अर्थ सर्व्हर कधी बंदच करू नये असा नाही. लिनक्सच्या गाभ्याची सुरक्षा दुरुस्ती आली की यंत्र बहुधा पुन्हा सुरू करावे लागते. 'आमचा सर्व्हर दोन वर्षांत एकदाही बंद झाला नाही' असे अभिमानाने सांगणारा बहुधा हेच सांगत असतो की दोन वर्षांत महत्त्वाच्या दुरुस्त्या लागू झालेल्या नाहीत. रीस्टार्ट करावा; पण ठरवून करावा, घाबरून नव्हे.

किल्ली कुणाच्या खिशात?

बटणापेक्षाही मोठा प्रश्न किल्लीचा आहे. आमच्या अनेक व्यापारी बंधूंच्या वेबसाइटचे नाव त्यांच्या नावावर नाही. ज्या मुलाने साइट बनवून दिली, त्याच्या ईमेलवर सर्व नोंदणी असते, पॅनेलचा पासवर्ड त्यालाच ठाऊक असतो, आणि तो नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला की दुकानदाराला आपल्याच दुकानात शिरता येत नाही. त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. दुकानाचे भाडेपत्र कुणी ओळखीच्या मुलाच्या नावावर करतो का? मग ही नोंदणी का करावी?

कंपन्याही कायमच्या नसतात. नेट फोर इंडिया ही एकेकाळी नावाजलेली भारतीय कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडली. असंख्य ग्राहकांना आपल्या वेबसाइटच्या नावाचे नूतनीकरण करता येईना आणि ते दुसरीकडे हलवताही येईना. अखेर २०२१ साली आयकॅन या जागतिक संस्थेने तिची मान्यता काढून घेतली. ज्यांच्याजवळ स्वतःच्या नावाची नोंदणी, स्वतःचा ईमेल आणि स्वतःचा बॅकअप होता, त्यांना मार्ग काढणे सोपे जाते. बाकीच्यांना आपली मालकी सिद्ध करण्यापासून सुरुवात करावी लागते.

किल्ली आपल्याजवळ असावी, तसे कुलूपही मजबूत असावे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबरपॅनेल या फुकट मिळणाऱ्या पॅनेलमधील दोषाचा फायदा घेऊन चोरांनी हजारो सर्व्हरमधील फाइली कुलूपबंद केल्या आणि खंडणी मागितली. म्हणजे ज्या पडद्याने आपण सर्व्हर सांभाळतो, तोच पडदा चोराचे दार ठरला. म्हणून पॅनेल वेळच्या वेळी अद्ययावत करावे, दोन टप्प्यांची ओळखतपासणी लावावी, आणि पासवर्ड दुकानातील सर्वांना एकच देऊ नये. कायद्याचीही जाण ठेवावी. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर हल्ल्याची घटना सहा तासांच्या आत सर्ट-इन या केंद्रीय संस्थेला कळवायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. घाबरून सर्व पुसून सर्व्हर नव्याने सुरू करणारा माणूस आपल्याच हाताने पुरावा नष्ट करतो. आणखी एक सूचना. लेट्स एन्क्रिप्टची नव्वद दिवसांची मोफत प्रमाणपत्रे वापरणाऱ्यांना मुदत संपण्याचे ईमेल जून २०२५ पासून येत नाहीत. ती तारीख आता आपणच लक्षात ठेवायची आहे.

यावर कुणी म्हणेल, 'आम्ही दुकान चालवायचे की सर्व्हर?' आक्षेप रास्त आहे. ज्याची वेबसाइट चार-पाच पानांची आहे, ज्याच्या ऑर्डरी फोनवरच येतात, त्याने स्वतःचा सर्व्हर घेऊच नये. सामायिक होस्टिंगमध्ये वेब सर्व्हर पुन्हा सुरू करणे हे कंपनीचे काम असते, ते बटण आपल्याला दिलेलेच नसते, आणि ते योग्यच आहे. स्वस्त मिळाला म्हणून स्वतंत्र सर्व्हर घेणे म्हणजे एका पायलीसाठी चक्की विकत घेण्यासारखे आहे. परंतु ज्याचा रोजचा गल्ला वेबसाइटवर अवलंबून आहे, त्याने एक तर हे काम शिकावे, किंवा शिकलेल्या माणसाशी लेखी करार करावा. करारात बॅकअप कुठे राहील, किती वेळात माणूस हजर होईल, आणि किल्ल्या मालकाजवळ राहतील, या तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात.

आमची सूचना आहे ती याहून सोपी. प्रत्येक बाजारपेठेत, प्रत्येक मोहल्ल्यात अशी दोन-तीन मुले-मुली आहेत ज्यांना संगणकाची आवड आहे. दहा-बारा दुकानदारांनी मिळून त्यांना हे काम रीतसर शिकवावे, सरावासाठी एक स्वस्त सर्व्हर घेऊन द्यावा, तो त्यांना मुद्दाम बिघडवू द्यावा आणि उठवायला लावावे. त्यांच्या कामाचा मोबदला द्यावा. ओळखीचा म्हणून फुकट राबवू नये. सुतारकाम, रंगकाम, शिवणकाम जसे वडिलांकडून मुलाकडे गेले, तसे हेही एक हुनर आहे, आणि ते गावात राहूनही पोट भरू शकते.

दुकानदारांनी मात्र एक काम आजच उरकावे. आपल्या वेबसाइटचे नाव कुणाच्या नावावर आहे, पॅनेलचा पासवर्ड कुणाजवळ आहे आणि शेवटचा बॅकअप कधी घेतला, हे तीन प्रश्न साइट सांभाळणाऱ्याला विचारावेत आणि उत्तरे हिशेबाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत. ज्या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही, तेथूनच सुरुवात करावी लागेल.